बाहेरचा गडी

मनुष्य वयानें वाढला तरी त्याच्या भांडणाचे विषय फारसे वाढत नाहींत, असें माझें दिवसेंदिवस मत होत चाललें आहे. लहानपणीं ‘हा गडी आमचा कीं तुमचा?’ यावरून आपण भांडतों. मोठेपणीं त्याच प्रश्नाला प्रांत, जात, भाषा अशीं भारदस्त नांवें देऊन पुनः भांडत बसतों. हा जुनाच प्रश्न तीन वर्षांपूर्वीं माझ्या ओसरीवर येऊन उभा राहिला, तो मात्र अगदीं अनपेक्षित वाटेनें, फुटबॉलच्या वाटेनें आला. मी फुटबॉलचा जाणकार नव्हें. जें कांहीं पुढें लिहीत आहें तें ऐकून, पाहून आणि थोडेंफार सोसून कळलेलें आहे.

२०२३ सालच्या पावसाळ्यांतली गोष्ट. आमचें बपेरा हें गांव भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांत, मध्यप्रदेशाच्या सीमेजवळ आहे. हा सारा भाताचा मुलूख. पावसानें बांध्या भरल्या कीं घरोघरीं रोवणीची घाई उडते. त्या दिवसांत माझे दोघे पुतणे चार दिवसांची रजा काढून घरीं आले होते. थोरला पुण्यास असतो, धाकटा मुंबईस. संध्याकाळीं पावसानें जोर धरला, वीज गेली, आणि कंदिलाच्या उजेडांत ओसरीवर दोघां भावांची जुंपली. मला प्रथम वाटलें, शेताच्या वांटणीचें कांहीं निघालें कीं काय! एकत्र कुटुंबांतल्या वडील माणसाच्या मनांत आधीं हीच भीति येते. कान देऊन ऐकलें तेव्हां उमगलें कीं, वाद चालला होता तो एका स्पॅनिश माणसाच्या गुडघ्यावरून!

‘मुंबई सिटी’ हा इंडियन सुपर लीगमधला मुंबईचा संघ. पुण्याचा संघ २०१९ सालीं बंद पडला, तेव्हांपासून थोरलाही मुंबईकर झाला आहे. म्हणजे दोघांचा पक्ष एकच, आणि म्हणूनच भांडण अधिक कडाक्याचें. या संघाच्या बचावफळींत सेनेगल देशाचा मुर्तदा फॉल नांवाचा धिप्पाड खेळाडू होता. तो २०२३ सालीं ओडिशाच्या संघांत निघून गेला, आणि भिंतीचा मधला चिरा निखळावा तसें झालें. ती फट बुजविण्यास संघचालकांनीं तिरी या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या स्पॅनिश बचावपटूस घेतलें. हा तिरी म्हणे ‘मुक्त खेळाडू’ होता.

हा शब्द मला नवा होता. थोरल्यानें तो समजावून सांगितला. खेळाडूचा एका संघाशीं करार चालू असतां तो दुसऱ्यास हवा असेल, तर पहिल्या संघास मोबदला मोजावा लागतो. परंतु कराराची मुदत संपली कीं तो कोणाचाच राहत नाहीं. पूर्वीच्या धन्यास एक पैही न देतां त्याला कोणींही घ्यावें. आज ही गोष्ट सरळ वाटते, पण ती मिळविण्यासाठीं एका माणसाला न्यायालयाची पायरी चढावी लागली. झां-मार्क बोस्मान या बेल्जियन खेळाडूचा लिएज येथील संघाशीं असलेला करार १९९० सालीं संपला. त्याला फ्रान्समधील डंकर्कच्या संघांत जावयाचें होतें. पण जुन्या संघानें मोबदल्यासाठीं त्याची वाट अडविली. पांच वर्षें तो भांडला, आणि १५ डिसेंबर १९९५ रोजीं युरोपीय न्यायालयानें त्याच्या बाजूनें निकाल दिला. त्या निकालाच्या जोरावर पुढें कित्येक खेळाडू धनवान झाले. बोस्मानच्या वांट्यास मात्र ओढग्रस्तच आली.

हें ऐकतांना माझ्या मनांत आलें कीं, ‘मोकळा’ हा शब्द मोठा फसवा आहे. दावें सोडलेलें गुरूंही मोकळें, आणि ज्याला कोणी विचारीत नाहीं असें माणूसही मोकळेंच! तिरी दुसऱ्या अर्थानें मोकळा होता, असें धाकट्याचें म्हणणें. मे २०२२ मध्यें मोहन बागानकडून खेळतांना त्याचा गुडघा गंभीर दुखावला. पुढचा सबंध हंगाम तो मैदानाबाहेर बसला, आणि त्याच हंगामांत त्याच्यावांचून त्याच्या संघानें करंडक जिंकला. वय बत्तीस. असा माणूस मोकळा झाला म्हणजे दुसऱ्याच्या दारचा सोडलेला बैल आपण आपल्या गोठ्यांत बांधला, असें तो म्हणे.

धाकट्याच्या भात्यांत याहून तिखट बाण होता. १३ मार्च २०२१ रोजीं मडगांवच्या फातोर्डा मैदानावर अंतिम सामना झाला. करोनाचे दिवस, त्यामुळें प्रेक्षक नाहींत. मोहन बागान एका गोलानें पुढें. इतक्यांत एक लांब चेंडू आला. तो डोक्यानें दूर करावयास तिरी मागें धांवला, आणि चेंडू त्याच्याच गोलरक्षकाच्या डोक्यावरून त्याच्याच जाळ्यांत गेला. बरोबरी झाली. अगदीं शेवटीं बिपिन सिंगनें दुसरा गोल केला आणि मुंबईला करंडक मिळाला.

“ज्यानें आपल्याला करंडक दान केला, त्यालाच आपल्या भिंतीवर पहारा करायला ठेवायचें?” धाकटा म्हणाला. “दोन वर्षें आम्ही त्याला हंसलों, आतां त्याच्यासाठीं टाळ्या वाजवायच्या?”

“अरे, चेंडूपर्यंत पोहोंचला म्हणून तर त्याचें डोकें लागलें,” थोरला म्हणाला. “जो पोहोंचतच नाहीं, त्याच्या हातून अशी चूक होत नाहीं. ती व्हायलासुद्धां जागेवर असावें लागतें.”

“पण आपलीं पोरें नाहींत का? राहुल भेके मुंबईचा आहे. घरचा माणूस तो घरचा माणूस.”

“घरचा?” थोरल्याला जणू याचीच वाट होती. “२०१९ सालचा अंतिम सामना अंधेरीला झाला. ज्यादा वेळांत, ११७ व्या मिनिटास गोल करून करंडक कोणीं नेला? बंगळूरुनें. आणि गोल कोणाचा? तुझ्या याच भेकेचा! तेव्हां तो त्यांचा होता. २०२१ मध्यें इकडे आला तेव्हां आपला झाला. पुढच्या वर्षीं आशियाच्या स्पर्धेंत इराकच्या संघाविरुद्ध त्यानेंच विजयाचा गोल केला, तेव्हां तर तो आपला लाडका झाला.”

माझ्या भावजय आंत माजघराच्या उंबऱ्याशीं तांदूळ निवडीत बसल्या होत्या. फुटबॉलमधलें त्यांना कांहीं कळत नाहीं, असें आम्हीं तिघांनींही धरून चाललों होतों. सुपांतून मान वर न करतां त्या म्हणाल्या, “मी या घरांत आलें त्याला चाळीस वर्षें झालीं. पहिल्या वर्षीं पुरण चांगलें उतरलें कीं सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, ‘आमच्या घरची रीतच आहे ही.’ आणि एखाद्या दिवशीं आमटी खारट झाली कीं म्हणायच्या, ‘माहेरचें वळण आहे, जाईल हळूहळू.’ तुमच्या त्या तिरीचें याहून निराळें काय व्हायचें आहे?”

आम्ही हंसलों. वहिनीही हंसल्या. पण हंसणें ओसरल्यावर जी शांतता पसरली तींत पागोळ्यांचा आवाज मोठा वाटूं लागला. मला आईची आठवण झाली. ती दुष्ट मुळींच नव्हती. तें वाक्य तिनें तिच्या सासूकडून ऐकलें असेल, आणि तिच्या सासूनें आपल्या सासूकडून. चांगलें झालें तें घराचें आणि बिघडलें तें येणारीचें, हा जमाखर्च आमच्या माजघरांत कितीतरी पिढ्या बिनबोभाट चालत आलेला आहे.

बचाव करणाऱ्याची दशा मुळांतच अशी. गोल करणाऱ्याचा हिशेब लोक बोटांवर मोजतात. गोल होऊं न देणाऱ्याचा हिशेब ठेवायला वहीच नसते. आमच्याकडे बांधीच्या धुऱ्याचें तेंच आहे. पाणी चार महिने थोपून राहिलें तर पीक चांगलें आलें असें म्हणतात, धुरा चांगला होता असें कोणी म्हणत नाहीं. एका रात्रीं तो फुटला कीं सकाळीं सगळे विचारतात, “बांधला कोणीं होता?” आणि बांधणारा परगांवचा असेल तर विचारावेंही लागत नाहीं.

वाद एवढ्यावर थांबला असता तर हा लेख लिहिण्याचें कारण पडलें नसतें. पण थोरल्याला अजून दाखले द्यायचे होते. “कोल्हापूरच्या तालमींचे फुटबॉल संघ घ्या,” तो म्हणाला, “पेठेच्या अभिमानाची तेथें पराकाष्ठा, पण आफ्रिकेंतले खेळाडू येऊन त्या पेठांच्या नांवानें खेळून गेले आहेत. आणि आपली कबड्डी? २०२२ सालीं पुणेरी पलटण प्रथमच अंतिम सामन्यापर्यंत गेली, तिचा कर्णधार कोण? इराणचा फजल अत्राचली. अस्सल मराठी मातींतला खेळ, पुण्याचा संघ, आणि डाव्या कोपऱ्याला इराणी!”

डावा कोपरा हे शब्द ऐकले मात्र, आणि मी ओसरीवर असूनही तेथें उरलों नाहीं.

सुमारे पंचेचाळीस वर्षांपूर्वीं मी बपेऱ्याच्या कबड्डी संघांत होतों. दिवाळीनंतर आमच्या भागांत गांवोगांव मंडई भरते. दिवसा बाजार आणि पाहुणे, रात्रीं दंडार, आणि जोडीला कबड्डीचे सामने. त्या वर्षीं आमचा डाव्या कोपऱ्याचा गडी ऐन वेळीं हिंवतापानें अंथरुणास खिळला. सात गड्यांपैकीं कोणीही हलवावा, पण कोपरा हलवूं नये. तो गेला कीं सारी फळी डळमळते. तेव्हां कोणीतरी सुचविलें कीं, तुमसरच्या भातगिरणींत पोतीं उचलणारा नदीपलीकडचा एक पोरगा आहे, त्याची घोट्याची पकड सुटत नाहीं. तो ना कोणाच्या संघांत होता, ना कोणाच्या बांधिलकींत. आजच्या भाषेंत मुक्त खेळाडूच! त्याला आणावा कीं न आणावा यावर पारावर दोन रात्री वाद झाला. आणूं नये म्हणणाऱ्यांत मी होतों. “हरलों तरी चालेल, पण गांवचेच सात उतरूं,” असें मी मोठ्या आवेशानें म्हणालों होतों.

तो आला. सडपातळ, कमी बोलणारा, बोलींत हिंदीची मिसळ. कबड्डींत कोपऱ्याचा गडी आणि त्याच्या शेजारचा हातांत हात गुंफून साखळी धरतात. कोपऱ्यानें पाय धरावा आणि त्याच क्षणीं शेजाऱ्यानें अंगावर झेप घ्यावी, असा तो जोडव्यवहार आहे. शेजारची जागा माझी होती. पहिल्या दोन सामन्यांत त्यानें असे काय घोटे धरले कीं प्रेक्षकांनीं “बपेऱ्याचा वाघ!” म्हणून आरोळ्या ठोकल्या. मीही ठोकल्या. गांवचेच सात हवेत म्हणणारा मीच त्याला खांद्यावर घेऊन नाचलों.

तिसरा सामना शेजारच्या गांवाशीं. गुण समान, आणि शेवटची चढाई त्यांची. चढाईचा गडी उंचापुरा, मांड्या खांबासारख्या. तो आमच्या कोपऱ्याकडे वळला, आणि माझ्या जोडीदारानें जमिनीला छाती लावून त्याचा घोटा पकडला. पकड उत्तम होती. आतां मीं झेप घ्यावयाची. पण तो गडी वळला तसा त्याचा गुडघा माझ्या तोंडाच्या रोखानें आला, आणि मीं हात सोडला. फार तर अर्धा क्षण. तेवढ्यांत त्यानें आमच्या गड्याला फरफटत नेऊन मध्यरेषेला बोटें टेकवलीं. एका गुणानें आम्ही हरलों. आमचा गडी पालथा पडला होता, तरी घोटा त्याच्या हातांत होता.

गर्दींतून ओरड झाली, “बाहेरच्यानें घालवलें!” दुसरा म्हणाला, “पैसे खाल्ले असतील.” त्यानें माझ्याकडे एकदां पाहिलें. एकदांच. मी माझ्या गुडघ्याची माती झटकूं लागलों. संघाला त्या रात्रीं पाटलांच्या वाड्यांत जेवण होतें. तो हातपाय धुवून, कपडे काखोटीस मारून अंधारांत निघून गेला. त्याला कोणीं थांबविलें नाहीं. पुढें तो कधीं बपेऱ्यास आला नाहीं.

हें सारें मीं त्या संध्याकाळीं मुलांना सांगितलें. इतक्या वर्षांत तें मीं कोणालाच सांगितलें नव्हतें. ऐकून धाकटा गप्प झाला. मग म्हणाला, “काका, नंतर तुम्ही त्याला शोधलंत?”

भातगिरणी तुमसरास होती. मी आठवड्याच्या बाजाराला तेथें जात असें. गिरणीवरून वाट होती. मीं वाट बदलली होती. हें उत्तर मात्र त्या दिवशींही माझ्या तोंडून निघालें नाहीं.

एका वर्षानें, ४ मे २०२४ रोजीं, उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही सगळे पुनः घरीं जमलों होतों. अंतिम सामना कलकत्त्याच्या सॉल्ट लेक मैदानावर, गांठ पुनः मोहन बागानशीं. तीनच आठवड्यांपूर्वीं याच मैदानावर मुंबई हरली होती आणि साखळी स्पर्धेची ढाल मोहन बागाननें नेली होती. मध्यंतरास एकच मिनिट उरलें असतां कमिंग्सनें मुंबईवर गोल चढविला. धाकटा ताडकन् उठला. “मी म्हणत नव्हतों? बाहेरून आणलेली भिंत ही अशीच ढासळायची!”

वहिनींनीं माझ्याकडे पाहिलें. मी कांहीं बोललों नाहीं.

उत्तरार्धांत डावच फिरला. पेरेरा दियाझनें बरोबरी केली, ८१ व्या मिनिटास बिपिन सिंगनें दुसरा गोल केला, आणि अगदीं शेवटीं याकुब व्होय्टुसनें तिसरा. मोहन बागानला पुनः गोल करतां आला नाहीं. मुंबईनें तीन विरुद्ध एक असा सामना जिंकला, आणि धाकटा माझा दंड हलवीत म्हणाला, “पाहिलीत काका, आमची बचावफळी?”

“आमची?” वहिनी आंतून म्हणाल्या. त्यासरशीं धाकट्यानें जीभ चावली. तो मनाचा मोकळा आहे. आपली चूक कळायला त्याला एक पळ लागला. मला पंचेचाळीस वर्षें लागलीं होतीं.

त्यापुढची गंमत अशी कीं, पुढच्याच हंगामांत घरचा म्हणविलेला भेके, जो त्या विजयाच्या दिवशीं मुंबईचा कर्णधार होता, तो पुनः बंगळूरुस गेला. आणि बाहेरचा तिरी मुंबईतच राहिला. यांत भेकेला बोल लावण्यासारखें कांहीं नाहीं. पोटासाठीं आणि मानासाठीं माणूस जेथें हवासा असेल तेथें जातो. आम्ही बपेऱ्याचे म्हणवितों, पण आमचे पणजोबा नागपूराकडून पोथ्यांचें गाठोडें घेऊन येथें आले. आणि वैनगंगेच्या खोऱ्यांत आज सोन्यासारखें भात पिकविणारे पोवार आपले पूर्वज माळव्यांतून आल्याचें सांगतात. धुरा राखतां राखतां माणसें त्या मातीचीं होतात. परंतु राखणाऱ्याला पहिल्याच फुटीला हांकलून दिलें तर तो मातीचा व्हावा कधीं?

आपल्या भाषेनें या बाबतींत एक मोठी सोय करून ठेवली आहे. ‘आम्ही’ म्हटलें कीं ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटलें कीं तो आंत येतो. इंग्रजींत दोहोंना एकच शब्द आहे, असें मी शाळेंत मुलांना शिकवीत असें. शिकवीत होतों, पण हें कोठें वापरावयाचें तें मला कळलें नव्हतें. विजयानंतर परक्याला ‘आपण’ म्हणणें सोपें असतें; मीं तर त्याला खांद्यावर घेतलें होतें. तो शब्द खरा लागतो तो हरल्यावर.

२०२४ च्या दिवाळीनंतरच्या मंडईंत आमच्या गांवच्या पोरांचा संघ दुसऱ्याच फेरींत बाद झाला. उजव्या कोपऱ्याला त्यांनीं बाहेरगांवचा एक गडी आणला होता. शेवटची पकड त्याच्या हातून सुटली, आणि या खेपेला ती खरोखर त्याच्याच चुकीनें सुटली. मागें कुजबुज सुरू झालीच. तो पोरगा एकटाच चुन्याच्या रेषेवर बसून घोट्याचा पट्टा सोडीत होता. मी काठी टेकीत त्याच्याजवळ गेलों. माझ्या वयाचा माणूस मैदानांत आलेला पाहून तो गडबडीनें उठला.

“आज आपण हरलों, बाळा,” मी म्हणालों. “चल, आमच्याकडे जेवून जा. रात्रीं कोठें जातोस?”

त्याला माझें तें बोलणें विचित्र वाटलें असावें. पण भूक लागलेली होती, तो आला. वहिनींनीं पान वाढलें. आमटींत त्या दिवशीं मीठ जरा अधिक पडलें होतें. कोणीं कांहीं म्हटलें नाहीं.